उन्हाचा बर्फ

आमच्या वस्तीने बर्फ पहिल्यांदा पाहिला तो भर चैत्रात, आणि तो उन्हाने केलेला होता. हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं आहे. शहरातली माणसं नुसती मान डोलावतात, कारण त्यांना सगळं आधीपासूनच ठाऊक असतं. मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. मी सातवी पास होते आणि त्याचा मला भलताच तोरा होता, पण उन्हाने पाणी गोठतं हे सातवीच्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

कोळवणच्या खोऱ्यात, ओढ्याच्या अलीकडच्या चढावर आमची बौद्धांची थोडी घरं. गावठाण, दुकान, एसटीचा थांबा हे सगळं ओढ्याच्या पलीकडे. ऐंशीच्या दशकात ओढ्यावर पूल नव्हता, नुसती दगडी फरशी होती, आणि पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची. मुळशीच्या धरणातल्या पाण्याची वीज होते हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. ती वीज घाट उतरून मुंबईला जाते हेही शिकवलं होतं. गावठाणात विजेचे खांब आले होते. पावसाळ्यात वारा सुटला की त्यातला एखादा आडवा व्हायचा आणि दसऱ्यापर्यंत तसाच पडून राहायचा. आमच्या बाजूला खांबच नव्हते, त्यामुळे पडायचा प्रश्न नव्हता.

वस्तीच्या वरच्या अंगाला सरकारी उपकेंद्र होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, वर कौलं. तिथे एक नर्सबाई राहायच्या. साताऱ्याकडच्या, माझ्याहून थोड्या मोठ्या, आणि तोंडाने फटकळ. मला फटकळ माणसं आवडतात, त्यांच्याशी बोलताना अंदाज बांधत बसावं लागत नाही. पोरांना पोलिओचे थेंब पाजायचं काम त्यांच्याकडे होतं. लस तालुक्याच्या गावाहून, पौडहून, आणायची म्हणजे थर्मासमध्ये बर्फ घालून एसटीने यायचं. एसटी वाटेत बंद पडली की बर्फ वितळायचा, आणि बाई तोंडाने काहीबाही बोलत सगळ्या बाटल्या फेकून द्यायच्या. बाया हळहळायच्या. एवढं लांबून आणलेलं औषध, थोडं कोमट झालं म्हणून काय बिघडलं? बाई सांगायच्या, "गार आहे तोवर ती लस. एकदा का गरम झाली की नुसतं पाणी. पाणी पाजायला मी कशाला हवी, तुम्हीच पाजा."

माझी थोरली लेक तान्ही होती तेव्हा उपकेंद्रही नव्हतं आणि बाईही नव्हत्या. ती नुकती पावलं टाकायला लागली होती. एकदा तिला ताप आला, दोन-चार दिवसांनी उतरला, आणि त्यानंतर तिचा उजवा पाय उठलाच नाही. पुण्याला नेलं, डॉक्टरांनी एका शब्दात सांगितलं, पोलिओ. ती सात वर्षांची झाली तरी उजव्या गुडघ्यावर हात दाबत, एका अंगाला झुकत चालायची. पोरं खेळायला पळाली की ती पडवीत बसून त्यांचे डाव मोजायची. मी तिच्यासमोर कधी रडले नाही. लाकडं आणायला माळावर जायचे तेव्हा रडून घ्यायचे आणि डोळे पुसून मोळी डोक्यावर घ्यायचे.

त्या वर्षी मला मुलगा झाला. त्याचा जन्म झाला त्याच दिवसापासून मी एकच गोष्ट धरून बसले होते. ह्याला थेंब मिळालेच पाहिजेत, सगळेच्या सगळे, आणि गार.

शिमगा झाल्यावर पुण्याहून एक जीप आली. त्यातून दोन इंजिनियर उतरले आणि त्यांनी उपकेंद्राच्या अंगणात लोखंडी घोडी उभी केली. तिच्यावर तिरप्या काचा बसवल्या. प्रत्येक काचेखाली निळ्या गोल चकत्या ओळीने लावलेल्या, पापड वाळत घातल्यासारख्या. तिथून तारा मागच्या खोलीत गेल्या, तिथे एका लाकडी पेटाऱ्यात बॅटऱ्या मांडल्या होत्या. तिथून आणखी तारा पुढच्या खोलीत, एका पांढऱ्या पेटीला. ही पेटी म्हणजे फ्रीज, पण वरून झाकण असलेला, आमच्या धान्याच्या कणगीएवढा. भिंतीवर एक डबा ठोकला, त्याला काचेआड काटा. काटा हिरव्यात असला म्हणजे ठीक, तांबड्यात गेला म्हणजे धोका. उरल्यासुरल्या विजेवर पडवीत एक ट्यूबलाइट लावून दिली. तिच्याखाली संध्याकाळी वस्तीतली पोरं अभ्यासाला बसू लागली.

हे सगळं होत असताना आमचे थोरले मामंजी तिथून हलले नाहीत. थोरले मामंजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलते. सासरे नव्हते आणि नवरा पुण्यात कारखान्यात, त्यामुळे घरचे कर्ते तेच, आणि उपकेंद्राची राखणही त्यांच्याकडे. वस्तूला जपावं तर मामंजींनी. पावसाळ्यापूर्वी ते घराच्या भिंतींना पेंढ्याचे कूड बांधायचे, लाकडं शाकारायचे, गुरांच्या पाठीवर गोणपाट घालायचे. आमच्याकडे पाऊस आडवा येतो आणि महिनामहिना हटत नाही. जे झाकलं नाही ते कुजलं, एवढं साधं गणित असतं.

मामंजींनी इंजिनियरला विचारलं, "सायेब, ऊन आत जातंय कुटनं?"

"आजोबा, ऊन या काचेवर पडतं. त्याची वीज होते. ती बॅटरीत साठते, आणि तिच्यावर फ्रीज चालतो."

मामंजी उठून घरी गेले आणि त्यांची तीन सेलची बॅटरी घेऊन आले. शहरात तिला टॉर्च म्हणत असतील, आमच्याकडे बॅटरी म्हणजे तीच, दुसरी नाही. ती पुढे धरून त्यांनी विचारलं, "बॅटरी म्हंजी ही?"

इंजिनियर वायरचं वेटोळं गुंडाळत होता. त्याने नीट पाहिलंही नाही. "हो हो," तो म्हणाला, "तसलीच, पण मोठी."

मामंजींचं समाधान झालं. मी तिथेच उभी होते, माझंही झालं.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी वस्तीतल्या सगळ्यांना बोलावलं. फ्रीजमध्ये त्यांनी स्टीलच्या वाटीत पाणी ठेवलं होतं. बाहेर ऊन असं होतं की अंगणात अनवाणी पाय ठेववत नव्हता. बाईंनी झाकण उघडलं, वाटी काढली आणि उपडी करून ताटात आपटली. गोळा बाहेर पडला. त्यातून वाफ निघत होती, म्हणून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याला हात लावायला भ्यायल्या. त्यांना वाटलं तापलेलं आहे. मग एकेकाने बोट लावलं आणि मागे घेतलं. कुणी हसलं नाही. कोपऱ्यात एक म्हातारी हात जोडून उभी होती, आणि मला तिची गंमत करावीशी वाटली नाही.

मामंजींनी तो गोळा हातात घेतला आणि अंगणात नेला. काचांच्या समोर उन्हात उभे राहिले. एकदा काचेकडे बघत, एकदा हाताकडे. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. गोळा विरघळत आला तेव्हा उरलेलं पाणी त्यांनी ओंजळीने पिऊन टाकलं.

"म्या ऊन प्यालो," ते म्हणाले.

आजही मला कुणी विज्ञान म्हणजे काय असं विचारलं तर मला मामंजींची ती ओली ओंजळ आठवते. ज्या उन्हाने आम्ही आयुष्यभर करपलो, ज्याला टाळायला डोक्यावर पदर घेतला, तेच ऊन पाण्याला गोठवून आमच्या हातात देत होतं. कुठे आवाज नाही, धूर नाही, मुंबईला जाणारी तार नाही. मी रोज काही ना काही निमित्त काढून तिथे जायचे आणि काटा हिरव्यात आहे का बघून यायचे. बाई म्हणायच्या, "अगं, तुझ्या घरात चूल पेटलेय का ते बघ आधी."

पाऊस सुरू झाला. लावणी आली. बाईंनी पौडहून लसीची नवी खेप आणून पेटीत ठेवली आणि सगळ्या घरांत सांगितलं, येत्या बुधवारी थेंब. माझ्या मुलाचा तो दुसरा डोस होता. त्यातच लावणीला आलेल्या बायांनी बातमी आणली, की पलीकडच्या वाडीत एका पोराला ताप येऊन पाय लुळा पडलाय. मी चिखलात उभी होते. हातातली रोपं तशीच धरून मी घराकडे आले आणि मुलाचे दोन्ही पाय चाचपून पाहिले. त्याने लाथ मारली. मी परत वावरात गेले, पण त्या दिवशी माझी लावणी सगळी वाकडी झाली.

सोमवारी बाईंना पौडला मीटिंगला जायचं होतं. मंगळवारी संध्याकाळी परत यायचं. मागच्या खोलीचं एक कौल फुटलं होतं आणि बॅटऱ्यांच्या पेटाऱ्याजवळ थेंब थेंब गळायला लागलं होतं. बाईंनी तिथे घमेलं ठेवलं आणि पायरीवर छत्री उघडता उघडता मामंजींना बजावलं, "मामा, पेटीचं झाकण कुणाला उघडू देऊ नका. आणि बॅटरी भिजू देऊ नका हं. भिजली तर सगळं संपलं."

"म्या हाय न्हवं," मामंजी म्हणाले.

बाई गेल्या आणि पावसाने जोर धरला. मामंजी अंगणात काचांसमोर जाऊन उभे राहिले. त्यांची तीन सेलची बॅटरी एकदा बांधावर भिजली होती, ती पुन्हा कधी पेटली नव्हती. तिच्या तोंडाला काच, हिच्याही तोंडाला काच. तिच्यातून उजेड बाहेर पडायचा, हिच्यात आत जायचा, एवढाच फरक. आणि एवढी मोठी बॅटरी बिचारी उघड्यावर, धो धो पावसात.

ते घरोघर गेले आणि इरली मागितली. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांचं, वर पानं बसवलेलं, डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकणारं. लावणीच्या दिवसांत बाई एकवेळ भाकर विसरेल, इरलं विसरणार नाही. तरी प्रत्येकीने काढून दिलं, एकीनेही कुरकुर केली नाही. घरोघरी थेंब घ्यायचं पोर होतं. मीही माझं दिलं आणि युरियाच्या गोणीची खोळ करून डोक्यावर घेतली. मामंजींनी सगळी इरली काचांवर नीट बसवली, सुंभाने आवळली, आणि वरून स्वतःची घोंगडी टाकली. लांबून बघितलं तर वाटावं, दहा-बारा बाया एका रांगेत वाकून लावणी करताहेत.

"आता पडूंदे किती पडतोय त्यो," मामंजी म्हणाले.

तो पडला. मंगळवारी दुपारी फरशी बुडाली, आणि बाई पलीकडेच राहिल्या. बुधवार आला आणि गेला. रोज सकाळी मामंजी इरल्याखाली हात घालून काचा चाचपायचे आणि "कोरडी हाय" असं घरी येऊन सांगायचे. आम्हाला बरं वाटायचं. आत पांढरी पेटी अधूनमधून घरघरायची. तेही बरं वाटायचं.

मग एका संध्याकाळी पडवीतली ट्यूब लागली ती तांबूस. फडफडली आणि विझली. मी आत जाऊन काटा पाहिला. तांबड्याला टेकला होता. मी पेटीला कान लावला. घरघर नव्हती.

"दमट लागली आसंल आतनं," मामंजी म्हणाले आणि आणखी एक घोंगडी घेऊन बाहेर गेले.

मला वाटत होतं ते वेगळंच. मला वाटलं, आकाशात ऊनच नाही तर काटा चढणार कुठून? हा काही कुणाचा दोष नाही. आभाळ इतकं खाली आलेलं की समोरचा डोंगर दिसत नव्हता. दुपारीसुद्धा घरात चिमणी लावावी लागत होती. मी एवढंच केलं, की ट्यूबचं बटण बंद केलं आणि पोरांना सांगितलं, हिला कुणी हात लावायचा नाही. मग घरी येऊन मुलाला पाजत बसले. थोरली शेजारी येऊन टेकली. मी दोघांचे पाय पाहत होते. बाईंचं ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. एकदा का गरम झाली की नुसतं पाणी. पुढची खेप पाऊस उघडल्याशिवाय येणार नव्हती, आणि वाडीतल्या त्या पोराचा ताप पाऊस उघडायची वाट बघणार होता थोडाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओरडा झाला, "बाई आल्या, बाई आल्या!" आम्ही सगळे ओढ्याकडे धावलो. पलीकडच्या काठावर नर्सबाई छत्री घेऊन उभ्या होत्या. मध्ये लाल पाणी, आणि त्याचा असा आवाज की शेजारच्याचं बोलणं कळत नव्हतं. बाई आमच्या डोक्यावरून वर, उपकेंद्राकडे बोट दाखवत होत्या. तोंड उघडत होतं, मिटत होतं, पण एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

मग त्यांनी छत्री मिटली आणि खाली टाकून दिली. डोक्यावरचा पदर काढला. तोंड आभाळाकडे केलं, दोन्ही हात पसरले आणि तशाच उभ्या राहिल्या, भर पावसात.

"खुळी झाली का काय बाई?" आत्याबाई म्हणाल्या.

"पावसाला हात जोडतीया," दुसरी म्हणाली.

मामंजी म्हणाले, "मला नमस्कार करतीया. बॅटरी झाकली न्हवं." आणि त्यांनी इकडून हात जोडले.

ते बघून बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. छत्री उचलली, उघडून डोक्यावर धरली आणि जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. मग मिटली, तोंड वर केलं, आणि मान डोलावली, हो. पुन्हा उघडली, नाही. पुन्हा मिटली, हो. पुन्हा वर बोट.

आणि मला एकदम कळलं. मी मुलाला आत्याबाईंच्या हातात दिलं, कमरेचा विळा काढला आणि चढावर पळत सुटले.

मी सुंभ कापायला लागले तेवढ्यात मामंजी धापा टाकत आले आणि हात पसरून काचांच्या पुढे उभे राहिले. "आगं भिजंल की!"

"भिजू द्या, मामंजी."

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यापुढे मान वर करून बोलले नव्हते. त्यांचं तोंड पाहून मला वाईट वाटलं. त्यांना राग आला नव्हता, ते घाबरले होते. "पोरी," ते म्हणाले, "माज्या राखणीत नासली तर म्या ह्या लेकराबाळांना काय त्वांड दावू?"

"बाई सांगत्यात, मामंजी. झाकू नका म्हणत्यात. माझंबी लेकरू हाय ह्यात."

मामंजींनी एकदा ओढ्याकडे बघितलं. मग बाजूला झाले आणि शेवटची गाठ त्यांनी स्वतःच्या हाताने सोडली, पण सोडताना दुसरीकडे बघत होते. घोंगड्या काढल्या, इरली काढली. पाऊस त्या काचांवर ताडताड पडायला लागला. मामंजींनी डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. काचा नुसत्या ओल्या झाल्या आणि खालच्या निळ्या चकत्या धुतल्यासारख्या चमकल्या.

आम्ही आत गेलो. भिंतीवरच्या डब्यासमोर उभे राहिलो, मामंजी, मी, आणि गुडघ्यावर हात दाबत मागून आलेली थोरली. काटा तांबड्यात पडलेला होता. बाहेर पाऊस असा कोसळत होता की दारातून अंगण दिसत नव्हतं. मला स्वतःचंच हसू यायला लागलं. असल्या अंधारात आपण कशाची वाट बघतोय?

काटा थरथरला.

मला वाटलं वारा. पण काटा काचेआड होता, तिथे वारा कुठून येणार? तो पुन्हा थरथरला आणि केसभर उजवीकडे सरकला. थांबला. आणखी केसभर सरकला. मी बघत होते. आभाळात कुठेही ऊन नव्हतं, आणि काटा सांगत होता की आहे. त्या काळ्या ढगांच्या मधून, त्या आडव्या पावसामधून, गाळून गाळून, अगदी चिमूटभर, पण येत होतं. माझ्या जन्मापासून प्रत्येक पावसाळ्यात मी म्हणत आले होते की ऊन गेलं. ते कधीच गेलं नव्हतं. आम्ही ज्याला अंधार म्हणून चिमण्या लावत होतो त्यातसुद्धा ते होतं, आणि त्या निळ्या चकत्या ते वेचून वेचून आत पाठवत होत्या. माझ्या अंगावर काटा आला. एवढी मोठी गोष्ट रोज आपल्या डोक्यावर घडत असते आणि आपण मान वर करून बघत नाही, याची मला लाज नाही वाटली, आनंद झाला. इतका आनंद मला त्याआधी कधी झाल्याचं आठवत नाही.

"पावसात ऊन हाय," मामंजी हळूच म्हणाले. त्यांनी डोक्यावरचं भिजलेलं मुंडासं काढून हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस थोडा सैल झाला, आणि सकाळी उशिरा पेटी पुन्हा घरघरली. मी तेव्हा दारातच होते. पण पेटी सुरू झाली म्हणजे आतली लस जगली असं नव्हतं. मधल्या वेळात ती तापली असेल तर आता कितीही गार झाली तरी उपयोग नाही, एवढं मला बाईंच्या बडबडीतून कळलं होतं. झाकण उघडून बघावं असं दहादा मनात आलं. हात झाकणावर ठेवायचे आणि उचलून घ्यायचे. मामंजी तर दारात काठी घेऊन बसले, मलाही आत सोडेनात.

पाणी उतरलं तसं दोघा-तिघांनी दोर धरून बाईंना अलीकडे आणलं. त्या कमरेपर्यंत भिजल्या होत्या. तशाच सरळ पेटीपाशी गेल्या. सगळी वस्ती दारात. वावरातून बाया तशाच आल्या होत्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल, कडेवर पोरं. मी सगळ्यांत पुढे होते. बाईंनी झाकण उचललं, आतला थर्मामीटर काढून उजेडाकडे धरला आणि डोळे बारीक करून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग बर्फाची चपटी प्लॅस्टिकची डबी काढली आणि कानाशी नेऊन हलवली. आत पाणी खळखळलं. बाईंनी पुन्हा हलवली. पाण्यातून काहीतरी घट्ट, जड, डबीच्या बाजूला आपटलं. टक्.

"बर्फ आहे अजून," बाई म्हणाल्या. "पारा रेषेच्या आत आहे. लस जिवंत आहे."

बाया सगळ्या एकदम बोलायला लागल्या. बाईंनी मामंजींना मागच्या खोलीत नेलं, पेटारा उघडून दाखवला आणि म्हणाल्या, "मामा, बॅटरी ही. ही भिजू देऊ नका म्हटलं होतं मी."

मामंजींनी आत वाकून बघितलं. "मंग ती भायेरची?"

"ते पॅनेल."

"मंग तसं सांगायचं."

बाईंनी पेटाऱ्याचं झाकण लावलं. मी म्हटलं ना, फटकळ होत्या, पण समोरच्याचं बरोबर असलं की गप्प बसायच्या.

मग पडवीत रांग लागली. माझा मुलगा पहिला. मी त्याला मांडीवर आडवा धरला. बाईंनी गालांवर बोटं दाबून त्याचं तोंड उघडलं, एक थेंब, दुसरा थेंब. गुलाबी, एवढे एवढेसे. त्याने तोंड वाकडं केलं आणि गिळलं. मी त्याच्या पायांना धरून बसले होते आणि सगळ्यांदेखत रडत होते. आजवर माळावर जाऊन रडणारी मी, पण त्या दिवशी उठून कुठे जावंसं वाटलं नाही.

थोरली उंबऱ्याशी उभी राहून बघत होती. गुडघ्यावर हात दाबत माझ्याजवळ आली, भावाच्या तोंडाकडे वाकून बघितलं, बाहेरच्या काचांकडे बघितलं. तिच्या डोक्यात हिशेब चालला होता हे मला दिसत होतं.

"आये," तिने विचारलं, "मी ल्हान व्हते तवा ऊन न्हवतं?"

बाईंचा हात दुसऱ्या पोराच्या तोंडाशी तसाच थांबला. मी मुलाला आत्याबाईंकडे दिलं, लेकीला ओढून जवळ बसवलं आणि तिचा तो बारका पाय मांडीवर घेतला.

"व्हतं गं," मी म्हणाले. "लई व्हतं."